गाळा हॉटेलला चालेल का?

बाजारपेठेच्या गावात हॉटेलसाठी जागा विकत किंवा भाड्याने घेण्याबद्दल, आणि आपली जागा हॉटेलला देण्याबद्दल आलेल्या पत्रांतून यावेळी सात पत्रं निवडली आहेत. बहुतेकांनी भाड्याचा आकडा आधी विचारला आहे. आम्ही उत्तरं धुरापासून आणि पाण्यापासून सुरू केली आहेत, कारण हॉटेल बंद पडायची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

प्रश्न : बार्शीत पेठेतल्या जुन्या वाड्याचा तळमजल्यावरचा ६०० चौरस फुटांचा गाळा २२,००० रुपये भाड्याने मिळतो आहे. डिपॉझिट ३ लाख. आधी तिथे कापडाचं दुकान होतं, वर मालकांचं कुटुंब राहतं. नाश्ता आणि राईस प्लेटचं हॉटेल काढायचं आहे. भाडं वाजवी आहे का?

उत्तर : आधी टेप घेऊन गाळा आतून मोजा. जुन्या वाड्याचा गाळा बाहेरून १५ बाय ४० फूट असेल तर ६०० चौरस फूट भरतात. पण भिंती दीड फुटी असल्या की आत उरतात १२ बाय ३७, म्हणजे ४४४ चौरस फूट. भाडं ६०० चं आणि वापर ४४४ चा, असं होतं. भटारखाना, भांडी घासायची जागा, हात धुण्याचं बेसिन, गल्ला आणि जायची वाट वगळून उरेल त्याला साडेबारानं भागा. येईल तेवढ्या खुर्च्या. आतून खरोखर ६०० असतील तर २२ खुर्च्या बसतील, ४४४ असतील तर १६.

भाडं विक्रीच्या दहा टक्क्यांपर्यंत पेलतं. २२,००० भाड्याला महिन्याला किमान २ लाख २० हजारांची विक्री हवी. २६ दिवसांनी भागलं तर दिवसाला साधारण साडेआठ हजार. माणशी सरासरी ८० रुपये धरले तर १०६ गिऱ्हाइकं. २२ खुर्च्या दिवसातून पाच वेळा भरायला लागतील, १६ असतील तर जवळजवळ सात वेळा. पाच वेळा हे नाश्ता आणि जेवण दोन्ही असलेल्या हॉटेलला जमण्यासारखं आहे. सात वेळा फक्त बाजाराच्या दिवशी जमेल. म्हणून गाळ्यासमोर सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री आठ वाजता अर्धा-अर्धा तास उभे राहा. बाजाराच्या दिवशी एकदा, आणि बाजार नसलेल्या दिवशीही एकदा.

आता धूर. कापडाच्या दुकानाला धूर नव्हता, त्यामुळे तो जायला वाटही नाही. तीन चुलींची भट्टी साधारण सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असते. तिच्यावरचं हूड, म्हणजे धूर ओढणारी छत्री, सगळ्या बाजूंनी सहा-सहा इंच बाहेर हवं, म्हणजे ७ बाय ३ फूट. हूडच्या प्रत्येक चौरस फुटाला मिनिटाला १०० घनफूट हवा ओढावी लागते. इथे २,१०० घनफूट. एवढी हवा नेणारा डक्ट गोल असेल तर १६ इंच व्यासाचा लागतो. आठ इंची पाईप आणि भिंतीतला पंखा लावून भागवलं तर फोडणीचा ठसका आधी गिऱ्हाइकांत पसरतो आणि मग जिन्यानं वर जातो. सहा महिन्यांत मालकांच्या घरातून तक्रार सुरू होते, आणि तीच पुढे जागा सोडण्याचं कारण बनते. डक्ट वरच्या मजल्यांच्या बाजूनं चढून छपराच्या वर, शेजारच्या खिडक्यांपेक्षा उंच न्यावा लागेल. त्याला मालकांची लेखी संमती आत्ताच घ्या, डक्ट कुठल्या भिंतीवरून जाणार याच्या रेखाचित्रासह. वाडा माळवदाचा (लाकडी तुळयांवरच्या मातीच्या छताचा) असेल तर लाकडी तुळयांपासून डक्ट दीड फूट लांब ठेवा. आत साचलेलं तेलकट काजळ पेट घेतं तेव्हा डक्टचा पत्रा लाल होतो. आणि जेवढी हवा बाहेर काढाल तेवढी आत यायला भटारखान्यात जाळीची खिडकी हवी. ती नसेल तर पंखा कितीही मोठा लावा, धूर तिथेच घुटमळतो.

पाण्याचा हिशेब खुर्चीमागे रोज ७० लिटर असा धरतात. २२ खुर्च्यांना १,५४० लिटर. नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते मालकांना नको, शेजारच्या दुकानदाराला विचारा. चार दिवसांआड येत असेल तर ६,१६० लिटरचा साठा लागेल. एक लिटर म्हणजे एक किलो. सहा टन वजन जुन्या माळवदावर चढवायचं नाही. टाकी जमिनीवर किंवा जमिनीखालीच घ्यावी लागेल, आणि ती जमिनीवर घेतली तर पुन्हा खुर्च्या कमी होतील. बोअरचं पाणी असेल तर त्यात एक वाटी तूरडाळ शिजवून बघा. जड पाण्यात डाळ गळत नाही, गॅस जास्त जळतो आणि चहालाही चव येत नाही.

सांडपाण्याची परीक्षा सोपी आहे. दोनशे लिटरचा पिंप भरून मोरीत एकदम ओता आणि बाहेरच्या चेंबरपाशी उभे राहा. पाणी दोन-तीन मिनिटांत निघून गेलं तर ठीक. मोरीत तुंबलं तर लाईन बारीक आहे किंवा उतार नाही. चार इंची पाईपला चाळीस फुटांत किमान एक फूट उतार द्या, आणि काटकोनी वळणाऐवजी ४५ अंशांची दोन वळणं. थंडीत वनस्पती तूप आणि तेल काटकोनातच गोठतं. घासण्याच्या जागेनंतर तीन कप्प्यांची ग्रीज ट्रॅप हवी: पहिल्या कप्प्यात खरकटं अडवणारी जाळी, दुसऱ्यात वर तरंगणारं तेल, तिसऱ्यातून निवळ पाणी बाहेर. बाहेर जाणारा पाईप आत येणाऱ्यापेक्षा दोन इंच खाली, आणि त्याचं तोंड पाण्यात बुडालेलं. तेल आठवड्यातून एकदा काढलं नाही तर हे सगळं करून उपयोग नाही.

विजेच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. दुकानांना तो बऱ्याचदा एक-दोन किलोवॅट असतो. दोन डीप फ्रीजर, ग्राइंडर, ब्लोअर, पंप, कणीक मळायचं यंत्र, दिवे-पंखे मिळून तुम्हाला सात-आठ किलोवॅट आणि थ्री फेज लागेल. भारवाढीचा अर्ज जोडणी ज्याच्या नावावर आहे त्यालाच करावा लागतो, म्हणून तो करारावर सही होण्याआधी मालकांकडून करून घ्या.

डक्ट आणि टाकीला मालकांनी लेखी होकार दिला तर २२,००० द्यायला हरकत नाही. तोंडी होकारावर १५,००० लाही घेऊ नका.

प्रश्न : लासलगावला बाजार समितीच्या आवारात एका व्यापाऱ्याचा गाळा आहे. तो म्हणतो, नोटरी करू, तू हॉटेल टाक, मला महिन्याला १८,००० दे. घ्यावा का?

उत्तर : या अटींवर घेऊ नका. आवारातली जागा बाजार समितीची असते. व्यापाऱ्याला ती शेतमालाच्या व्यापारासाठी भाडेपट्ट्यानं मिळालेली असते. समितीच्या स्थावर मालमत्तेचे व्यवहार १९६३ च्या पणन कायद्याखाली चालतात आणि त्याला पणन संचालकांची पूर्वपरवानगी लागते. ज्याला स्वतःला पोटभाडेकरू ठेवायचा हक्क नाही, तो तुम्हाला नोटरी करून हक्क देऊ शकत नाही. उद्या समितीनं त्याचा पट्टा रद्द केला तर तुमची भट्टी, फरशी, डक्ट सगळं बुडालं, आणि दाद मागायला हातात कागद नाही. त्या व्यापाऱ्याचा पट्टा मागून वाचा. वापर कोणता लिहिला आहे आणि पोटभाड्याबद्दल काय म्हटलं आहे, एवढी दोन कलमं पुरेशी आहेत. उपाहारगृहासाठी समिती स्वतः जागा देत असेल तर ती जाहीर निविदेनं देते. त्या निविदेची वाट बघणं बरं. दुसरा रस्ता आवाराच्या फाटकाबाहेर खासगी गाळा घेण्याचा. भाडं जास्त पडेल, पण नाव तुमचं राहील.

आवारात असो की बाहेर, एक कलम करारात घाला : लिलाव सलग सात दिवसांहून जास्त बंद राहिले तर त्या दिवसांचं भाडं निम्मं. सप्टेंबर २०२३ मध्ये कांद्यावरच्या ४० टक्के निर्यात शुल्काच्या विरोधात नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, तेव्हा आवाराच्या आधारावरच्या चहा-नाश्त्याच्या धंद्याला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. भाडं मात्र कॅलेंडरप्रमाणे चढत राहतं.

प्रश्न : शिरूरला माझा ५०० फुटी गाळा आहे. हॉटेलवाला २५,००० भाडं आणि २ लाख डिपॉझिट द्यायला तयार आहे. एजंट म्हणतो ११ महिन्यांचा नोटरी करार करा, म्हणजे भाडेकरूचा हक्क लागत नाही. खरं का?

उत्तर : खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत ११ महिने असो की ३ वर्षं. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वाद झाला तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं आणि ते खोडून काढायचं ओझं तुमच्यावर येतं. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवरची नोटरी इथे कामाला येत नाही.

दुसरा गैरसमजही दूर करतो. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून झटपट ताबा मिळवायची सोय कलम २४ मध्ये आहे, पण ती फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला. हॉटेलचा गाळा रिकामा करून घ्यायला दावाच लावावा लागतो. म्हणून तुमची सुरक्षितता करार नीट लिहिण्यात आहे.

३६ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करा. खर्च फार नाही. ३६ महिन्यांचं भाडं ९ लाख, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी तीन वर्षांचं मानीव व्याज ६०,०००. एकूण ९,६०,००० वर पाव टक्का म्हणजे २,४०० रुपये मुद्रांक शुल्क. नगरपरिषदेच्या हद्दीत नोंदणी फी १,०००. साठ महिन्यांपर्यंत हाच पाव टक्क्याचा दर लागतो.

मुदत शेवटच्या तारखेसह लिहा. भिंत पाडणं, पोटमाळा टाकणं, डक्ट नेणं यातलं काय चालेल ते नकाशावर दाखवा. डक्ट दर तीन महिन्यांनी आतून साफ करून पावती द्यावी असं कलम ठेवा. आग लागते ती बहुधा तिथे. गाळ्याचा विमा असेल तर आत आता हॉटेल आहे हे विमा कंपनीला पत्रानं कळवा, नाहीतर दावा अडतो. गाळा भाड्यानं दिल्यावर घरपट्टी वाढते. वाढीव रक्कम कोण भरणार ते आत्ताच ठरवा. आणि उद्या कितीही भांडण झालं तरी पाणी-वीज तोडू नका. कायद्यानं ते मालकाला करता येत नाही, आणि तुमची चांगली बाजू तिथेच बिघडते.

हॉटेलवाल्याच्या बाजूनंही दोन ओळी. भट्टी, डक्ट, फरशी, वायरिंगला ४ लाख लागले तर ११ महिन्यांच्या करारात तो खर्च महिन्याला ३६,००० हून जास्त पडतो, ३६ महिन्यांच्या करारात ११,१०० च्या आसपास. ज्याला खरंच धंदा करायचा आहे तो लांब मुदतच मागेल. अकरा महिन्यांवर खुशीनं सही करणाऱ्याचा हिशेब कच्चा आहे असं आम्ही धरतो. काम पूर्ण होईपर्यंत महिनाभर भाडं माफ करणं हा रिवाज आहे; तेवढं सोडा.

प्रश्न : कराडला ‘चालू हॉटेल चालवायला देणे आहे’ अशी जाहिरात बघून गेलो. ३० खुर्च्या. फर्निचर, भांडी आणि गुडविलचे (जमलेल्या नावाचे) मिळून ६ लाख, शिवाय दरमहा ३०,०००. चालवणारा स्वतः भाडेकरू आहे. रोज ४०० कप चहा जातो म्हणतो.

उत्तर : सर्वांत जास्त पैसे याच प्रकारात बुडतात, म्हणून थोडं सविस्तर.

पहिला प्रश्न गुडविलचा नाही, मूळ मालकाचा. चालवणाऱ्याचा करार किती महिने उरला आहे आणि त्यात दुसऱ्याला चालवायला द्यायची परवानगी आहे का? नसेल तर तुम्ही आत पाऊल ठेवताच मालकाला त्याला काढायचं कारण मिळतं, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही बाहेर. करार तिघांचा करा, किंवा चालवणाऱ्यानं ताबा सोडून मालकानं थेट तुमच्याशी नवा करार करावा. दुसरा मार्ग जास्त स्वच्छ आहे.

विक्रीचा आकडा तोंडी घेऊ नका. एका लिटर दुधात तेवढंच पाणी घातलं तर १०० मिलीचे साधारण २० कप होतात. ४०० कप म्हणजे रोज २० लिटर दूध. दूधवाल्याचं गेल्या तीन महिन्यांचं बिल मागा. ८-१० लिटरच निघालं तर बाकीचा चहा जाहिरातीतच आहे. तसंच गॅस सिलिंडरच्या पावत्या, विजेची युनिटं आणि जीएसटीची बारा महिन्यांची विवरणपत्रं एकमेकांशी ताडून बघा. धंदा उतरता असेल तर चारही आकडे एकाच महिन्यापासून खाली येताना दिसतात.

६ लाखांचे दोन भाग करा. वस्तूंची यादी वेगळी : फ्रीजर किती लिटरचा, कंप्रेसर कधी बदलला, भट्ट्या किती, टेबलं किती, प्रत्येकाची आजची जुन्या बाजारातली किंमत. ती वजा जाता उरेल ते गुडविल. गुडविलला पैसे देत असाल तर त्याच्या बदल्यात दोन गोष्टी लेखी हव्यात. एक, हॉटेलचं नाव आणि फोन नंबर वापरायचा हक्क. दुसरी, त्यानं ठरावीक हद्दीत तसंच हॉटेल काढायचं नाही. धंदा करू नये अशी अट एरवी कायद्यात टिकत नाही, पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मध्ये गुडविल विकणाऱ्यापुरता अपवाद आहे. हद्द आणि मुदत वाजवी असली की ती टिकते. ही ओळ नसेल तर तो समोरच्या गल्लीत नवा बोर्ड लावेल आणि गिऱ्हाईक त्याच्या हाताच्या चवीमागे जाईल.

अन्नसुरक्षा परवाना आणि जीएसटी तुमच्या नावानं नव्यानं घ्या. भिंतीवर टांगलेला जुना परवाना तुमचा नाही. व्यावसायिक गॅसजोडणी नावावर करून घ्या. वीजबिलाची थकबाकी नसल्याची खात्री करा : जागेची थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करता येते असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि थकबाकी असेपर्यंत नवी जोडणी अडते. किराणा, भाजी, दूधवाल्यांची उधारी आणि कामगारांचे थकलेले पगार कोणाचे, हे तारखेसह लिहा. पैसे एकरकमी देऊ नका. किल्ली हातात येताना ४० टक्के, परवाने आणि जोडण्या नावावर झाल्यावर ४० टक्के, आणि शेवटचे २० टक्के तीन महिन्यांनी, जुनी उधारी मागायला कोणी दारात आलं नाही तर.

प्रश्न : खामगावला गाळा ५० लाखांना विकत मिळतो आहे. तसाच गाळा शेजारी २०,००० भाड्यानं आहे. कर्ज काढून घेऊ का?

उत्तर : पहिलंच हॉटेल असेल तर भाड्यानं सुरू करा. ३५ लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ३८,७०० च्या आसपास येतो, आणि १५ लाख स्वतःचे अडकतात. महिन्याला १८,७०० जास्त, त्याशिवाय मुद्रांक शुल्क आणि १ टक्का नोंदणी फी (जास्तीत जास्त ३०,०००). हे पैसे पहिल्या वर्षी हॉटेलला खेळतं भांडवल म्हणून लागतात.

हॉटेल जमलेलं असेल आणि तोच गाळा मिळत असेल तर मात्र घ्या. मालमत्ता पत्रक आणि ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून करून घ्या. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा कर उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे, तो फक्त कर कोण भरतो ते सांगतो. जमीन भोगवटादार वर्ग २ ची (विकण्यावर सरकारी अट असलेली) असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. मंजूर नकाशा काढा आणि गाळा त्यावर दुकान म्हणून आहे की पार्किंग, ते स्वतः डोळ्यांनी बघा. पार्किंग बुजवून काढलेले गाळे बाजारात स्वस्त मिळतात ते याचसाठी. विकास आराखड्याचा भाग नकाशाही घ्या. पेठेतला रस्ता दोन्ही बाजूंनी दहा-दहा फूट रुंद होणार असेल तर जातो तो पुढचा भाग, म्हणजे तुमचा गल्ला आणि बोर्ड. ५० लाख किंवा जास्त किमतीला खरेदीदारानं १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. तुमच्या बाबतीत ५०,०००. तो विकणाऱ्याच्या रकमेतून कापायचा, वर द्यायचा नाही.

प्रश्न : बारामतीतल्या माझ्या हॉटेलला जीएसटी नोंदणी आहे, जागामालकाला नाही. सीए म्हणतात भाड्यावरचा १८ टक्के मीच भरायचा.

उत्तर : बरोबर सांगतात. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाची व्यावसायिक जागा नोंदणीकृत माणसानं भाड्यानं घेतली तर कर भाडेकरूनं भरायचा. तुम्ही जेवणावर ५ टक्के लावत असाल तर त्याची वजावटही मिळत नाही. २५,००० भाडं खरं तर २९,५०० पडतं. कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांना उलाढालीवर ठरावीक दरानं जीएसटी भरायची सोय) असाल तर जानेवारी २०२५ पासून यातून सूट आहे. भाडं ठरवताना हा आकडा धरूनच बोला.

प्रश्न : अकलूजला गाळ्यामागे बोळ आहे. तिथे किती सिलिंडर ठेवता येतील?

उत्तर : परवान्याशिवाय एकूण १०० किलो एलपीजी. १९ किलोचे पाच म्हणजे ९५ किलो, भरलेले आणि जोडलेले सगळे धरून, सहावा नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागा शोधतो. म्हणून बोळातल्या गटाराची झाकणं, तळघराची खिडकी आणि पाण्याच्या टाकीचं तोंड सिलिंडरपासून लांब हवं. सिलिंडर उभेच ठेवा, वर पत्रा, बाजूंना जाळी, आणि आतल्या भट्टीपर्यंत लोखंडी पाईप. रबरी नळी फक्त शेवटच्या जोडापुरती. मुख्य कॉक भटारखान्याच्या दाराबाहेर बसवा, आत आग असताना हात पोहोचेल अशा जागी.